दामूदादा, लेबलं मी लावली होती

दामूदादा,

तुमचं तेरावं झालं त्याला आज बारा दिवस झाले. भिसेगावात तुमच्या दारापुढे मांडव घातला होता, माणसंही भरपूर आली होती. जेवणं उठल्यावर पुरुषमंडळी ओटीवर पान जमवत बसली आणि तुमच्याविषयी बोलणं निघालं. सगळे चांगलंच बोलत होते. "घंटा कदी चुकली नाय त्यांची," एक म्हणाला. "पोरांवर कदी हात नाय उगारला," दुसरा म्हणाला. मग कुणीतरी आवाज खाली घेऊन म्हणालं, "पर त्या पोरीचा हात यांच्याच चुकीनं भाजला ना?" आणि त्यावर आणखी कुणीतरी, "जाऊ दे रं आता. गेलं ते मानूस."

मी आत दाराशी वहिनींच्या शेजारी बसले होते. ते वाक्य त्यांनीही ऐकलं. त्यांनी मान खाली घातली आणि हातातली पत्रावळ नीट घडी घालत बसल्या. मी गेली सतरा वर्षं हे वाक्य कुठे ना कुठे ऐकते आहे, कधी एसटी स्टँडवर, कधी शिक्षकांच्या खोलीत, आणि दर वेळी तोंडात बोळा कोंबल्यासारखी गप्प बसते. बोळा कुणी कोंबला नव्हता, माझा मीच कोंबला होता.

तुम्हाला हे ऐकू जाणार नाही, एवढं कळायला मी सायन्सची बाई असण्याची गरज नाही. तरी तुम्हालाच लिहिते आहे, कारण या प्रकरणातलं खरं दोघांनाच ठाऊक होतं. तुम्ही गेलात आणि त्यातली मी एकटी उरले. आता मीही गप्प राहिले तर ते वाक्यच खरं होऊन बसेल. तसं मी होऊ देणार नाही.

मी शाळेत आले तेव्हा बावीस वर्षांची होते. पेणची मुलगी, मुंबईला शिकलेली, बी.एस्सी.चं सर्टिफिकेट ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलेलं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. हेडसरांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "बाईंना प्रयोगशाळा दाखव." तुम्ही मला आठवीच्या वर्गात नेलंत, मागच्या भिंतीशी उभं असलेलं लाकडी कपाट उघडलंत आणि म्हणालात, "ही."

"ही काय?"

"प्रयोगशाळा."

मला रडू यायचं बाकी होतं. आणि कपाटातल्या बाटल्या बघून तर हसावं की रडावं कळेना. एकाही बाटलीवर धड लेबल नव्हतं. त्याऐवजी प्रत्येकीच्या गळ्यात दोरे होते, पांढरे, काळे, लाल, आणि त्यांना गाठी. मी विचारलं, "हे गंडेदोरे कशाला बांधलेत? बाटल्यांना दृष्ट लागते का?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाई, मला इंग्लिश वाचता येत नाय, कसरीला येतं. तिनं सगळी लेबलं वाचून खाल्ली."

मग तुम्ही मला दोरे समजावून दिलेत. पांढरा दोरा म्हणजे पाण्यात विरघळतं. काळा म्हणजे पेट घेतं. लाल म्हणजे हात लावायचा नाही. लाल दोऱ्याला दोन गाठी म्हणजे ओल्या हातानं तर बाटलीच्या जवळही जायचं नाही. जिला दोरा नाही ती "गरीब बाटली", कशात घाला, काही करत नाही. सातवी पास शिपायानं, कुणी न शिकवता, नुसतं दरवर्षीच्या मास्तरांच्या मागे उभं राहून आणि डोळे उघडे ठेवून हे सगळं लावलं होतं. मी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसले. वस्तू नावानं न लावता गुणधर्मानं लावणं, पुस्तकातला पहिला धडा नेमका हाच होता, आणि तो माझ्या डोळ्यांपुढे दोऱ्यांनी बांधून ठेवलेला होता. हे माझ्या शहाण्या डोक्यात शिरायला फार उशीर झाला.

तुम्ही माझ्या तासाला दाराशी उभे राहायचात, हातात स्पिरिटचा दिवा घेऊन. पदार्थाचे भौतिक गुणधर्म आणि रासायनिक गुणधर्म हा धडा मी पहिल्यांदा शिकवला तो दिवस आठवतो का? मी फळ्यावर मधोमध रेघ मारली, दोन्हीकडे यादी लिहिली, रंग, वास, स्थिती, घनता, द्रवणांक. आणि पलीकडे ज्वलनशीलता, गंजणं, आम्लाशी होणारी क्रिया. पोरं उतरवून घेत होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. तुम्ही दारातून म्हणालात, "बाई, मी सांगू?" मी नाइलाजानं मान हलवली.

"आयका रं पोरांनो. मानूस एकटाच बसलाय. तो काळा का गोरा, जाड का बारीक, गप का बडबड्या, हे नुसतं बघून कळतं. त्याला काय करावं लागत नाय. ते बाईंचं भौतिक. आता त्याची दुसऱ्याशी गाठ घाला. तो गोडीत ऱ्हातो, का भांडतो, का दोघं मिळून तिसरंच कायतरी होतात, ते गाठ घातल्याबिगर कळायचं नाय. ते रासायनिक. सासू कशी हाय ते फोटोत कळतं का?"

वर्ग फुटला हसून. मला इतका राग आला की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. आणि तिसऱ्या दिवसापासून, दादा, दरवर्षी आठवीला मी तेच सांगत आले, सासूसकट. तुमचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही.

आपलं भांडण व्हायचं ते शिजलेल्या तांदळावरून. मी म्हणायची, शिजणं हा रासायनिक बदल, कारण शिजलेला तांदूळ पुन्हा कच्चा होत नाही. तुम्ही म्हणायचात, नाही, पाणी पिऊन फुगला एवढंच, तांदूळ तो तांदूळच. एकदा तुम्ही शिजलेला भात चार दिवस कौलांवर कडक वाळवून पुडीत बांधून आणलात आणि माझ्या टेबलावर ठेवलात. "घ्या. आला का परत?" मी म्हटलं, "हा पेरा बघू, उगवतो का ते." तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "बाई, तूस काढल्याव कंचा तांदूळ उगवतो? न शिजवलेला तरी उगवतो का? शेतकऱ्याला शिकवता?" मी भातशेतीच्या मुलखात भातशेतीवरून हरले होते. पण हार कबूल केली नाही. मी घनतेवर गेले, तुम्ही पेजेवर गेलात, आणि तो वाद तसाच राहिला. खरं सांगायचं तर आजही मला शंभर टक्के खात्री नाही.

आता ते सांगते, जे सांगण्यासाठी बसले आहे.

सतरा वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. तुम्ही भाच्याच्या लग्नाला दोन दिवस रजेवर होतात. मी कपाट उघडलं आणि मला त्या दोऱ्यांची लाज वाटली. साहेब काय म्हणतील, बी.एस्सी. बाई आणि कपाटात गंडे! मी कात्री घेतली आणि एकूण एक दोरा कापून टाकला. मग जुनी यादी काढली, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या वळणदार अक्षरात इंग्लिश लेबलं लिहून डिंकानं चिकटवली. ओळखू येत होत्या त्या बाटल्या सोप्या होत्या. मोरचूद निळा, गंधक पिवळं. शेवटी दोन बाटल्या उरल्या. दोन्हींत पांढरं, दोन्हींत ढेपा झालेल्या. यादीतही दोनच नावं उरली होती, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा. मी क्षणभर थांबले, मग एका बाटलीवर एक लावलं आणि दुसरीवर दुसरं. दोन मिनिटांचं काम होतं ते. ओळखायचे चार मार्ग मला पाठ होते, पण त्या दिवशी मला ओळखायचं नव्हतं, दिसायला नीट करायचं होतं.

तुम्ही परत आलात, कपाट बघितलंत, मग केराच्या टोपलीत पडलेले दोरे बघितलेत. तुम्ही रागावला नाहीत. "बाई, इचारायचं तरी," एवढंच म्हणालात. आणि मग त्या दोन बाटल्यांकडे बोट करून, "या दोगींतली एक रडती हाय. तिला लाल दोरा व्हता, दोन गाठींचा. पावसात तिच्या बुचाला ओल सुटते. आता कोरडी हवा, आता दोगी सारख्याच दिसतात. मला एकदा बघू द्या."

कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून त्याच्या बाटलीला ओल सुटते. हा त्याचा गुणधर्म. मला तो पुस्तकातून माहीत होता आणि तुम्हाला बारा पावसाळे बाटल्या पुसून. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आता लेबल लावलंय ना, दादा. आता काय बघायचं?"

तुम्ही कपाट लावून घेतलंत. शाळेत बाईंच्या पुढे शिपाई काय बोलणार?

पंधरा दिवसांनी मी आठवीला प्रयोग दाखवत होते. धुण्याचा सोडा बोटांत चोळून बघायचा, मग त्यावर लिंबू पिळायचं, बुडबुडे येतात ते बघायचे. मी पहिल्या बाकावरच्या वनिताच्या तळहातावर चमचाभर पांढरं घातलं आणि म्हटलं, "धरून ठेव, मी लिंबू कापते." ती पोर नुकतीच पाणी पिऊन आली होती, हात ओला. तिनं मूठ मिटली. तिला चटका बसत असणार, मग आग होत असणार, पण ती बोलली नाही. बाईंनी धरायला सांगितलंय म्हणून ती धरून राहिली. प्रयोगात असंच होत असेल असं तिला वाटलं. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं तेव्हा शेजारची ओरडली, "बाई, ही रडती बगा!"

माझ्या हातात लिंबू होतं. आणि पुस्तकातलं माझं ज्ञान त्याच क्षणी वर आलं, अल्कलीवर आम्ल. मी ते लिंबू तिच्या तळहातावर पिळायला पुढे झाले. तुम्ही दारातून असे धावलात की स्पिरिटचा दिवा खाली पडून फुटला. "नाय बाई! पानी! नुसतं पानी!" तुम्ही तिला उचलून टाकीपाशी नेलंत, हात नळाखाली धरलात आणि धरूनच ठेवलात. पुढचा तास सुरू झाला, संपला, तुम्ही हात हलवू दिला नाहीत. तुमचा चुलतभाऊ मोहोपाड्याला रसायनांच्या कारखान्यात होता. तिथं अंगावर काही उडालं की आधी नळाखाली उभं करतात, दुसरं काही लावू देत नाहीत, हे त्यानं कधीतरी जेवताना सांगितलेलं तुम्ही ध्यानात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे हात वाचला. तळहातावर डाग राहिला, पण बोटं सगळी चालू राहिली.

चौकशी ऑफिसात झाली. शाळा समितीची चार माणसं, हेडसर, वनिताचे वडील, मी. अध्यक्षांनी विचारलं, "धुण्याच्या सोड्याच्या बाटलीत भलतंच कसं आलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, दादा, एवढं तरी माझ्या बाजूनं म्हणते. पण आवाज यायच्या आत तुम्ही दारातून बोललात. "माज्याकडनं झालं, साहेब. बाटल्या पुसताना याच्यातलं त्याच्यात वतलं. मला इंग्लिश वाचता येत नाय."

आणि मी तोंड मिटलं.

तुमच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली. तुमच्या कामाच्या नोंदीत शेरा लिहिला, निष्काळजीपणा. घंटा आणि पिण्याचं पाणी, एवढंच काम तुमच्याकडे राहिलं. आणि ठराव झाला की यापुढे मुलांच्या हाती रसायनं द्यायची नाहीत. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तुम्हाला पायरीवर गाठलं. "का केलंत असं?" तुम्ही विडी शिलगावलीत. "बाई, घंटा काय, कोनबी वाजवील. सायन्सची बाई या गावाला दोन वर्सं नव्हती. तुमी गेलात तर पुन्ना कवा येनार? तुमी फकस्त कपाट बंद पडू देऊ नका. चार महिन्यांनी समिती इसरंल, मग उघडा."

मी "हो" म्हटलं.

आता मला तुमच्यावर रागावू द्या. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही मला कधी भांडायला नको म्हणाला नाहीत. तुम्ही मला न विचारता वाचवलंत. तुम्ही एक श्वास थांबला असतात तर कदाचित मी बोलले असते, आणि आज मी वेगळी बाई असते. कदाचित बोलले नसतेही. ते आता कधीच कळणार नाही, आणि ते कळायची संधी तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. सतरा वर्षं या गोष्टीवरून मी मनात तुमच्याशी भांडते आहे, आणि दर वेळी शेवटी मीच खोटी पडते. कारण तुम्ही एका क्षणात बोललात हे खरं, पण त्यानंतर माझ्याकडे सहा हजार दिवस होते.

आणि तेवढ्या दिवसांत मी काय केलं? कपाट उघडलं नाही. दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की तुम्ही माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून विचारायचात, "औंदा उघडायचं ना, बाई?" मी म्हणायची, "बघू." मला ठरावाची भीती नव्हती, समिती केव्हाच बदलली होती. मला त्या बाटल्यांची भीती वाटत होती. माझ्या अक्षरातली ती लेबलं आतमध्ये तशीच होती. म्हणून मी फळ्यावर बीकर काढले, फळ्यावर मेणबत्ती काढली, ज्योत पिवळ्या खडूनं. आठवीच्या सतरा तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या आणि त्यातल्या एकाही पोरानं माझ्या वर्गात एकही वस्तू हातात धरून ओळखली नाही. तुम्ही ज्याच्यासाठी बदनामी घेतलीत तेच मी बंद करून ठेवलं.

शेवटची मी आले होते तुमच्याकडे, दिवाळीनंतर. तुम्ही खाटेवर होतात, बोलताना धाप लागत होती. मी ठरवून आले होते की आज सांगायचं, वहिनींच्या समोर सांगायचं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "मग बाई, तांदळाचं काय ठरलं?" मी म्हटलं, "तुमचंच खरं, दादा." तुम्ही नाराज झालात. "खोटं बोलता. भांडा ना." मी भांडले नाही आणि सांगितलंही नाही. चहा प्यायले आणि आले. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कुंभिवलीला गेले. वनिता तिथं दिलेली आहे, हायवेला त्यांचं चहाचं हॉटेल आहे. आधी तिला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचा मला हक्क नव्हता. ती भट्टीशी होती. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. तिनं उकळी आलेलं दूध आधी उतरवलं, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही मला हाकलते. हाकललं असतं तर बरंच झालं असतं.

"बाई, हात माजा कवाच बरा झाला," ती म्हणाली. "दादा दर सोमवारी घरी येऊन बघून जायचे. राग नाय मला. पर एक सांगू? त्या दिसापासनं तुमी माझ्याकडं बघितलंच नाय. परीक्षेत पयली आले तरी नाय. मला वाटलं, मीच कायतरी चुकले. मूठ मिटायची नसंल, मीच मिटली."

दादा, ही गोष्ट तुम्हालाही माहीत नव्हती. तेरा वर्षांच्या पोरीनं स्वतःची चूक समजून ती तीस वर्षांची होईपर्यंत बाळगली. मी तिचा तो हात हातात घेतला आणि म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही गं. मी सांगितलं होतं धर म्हणून." तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग मला चहा दिला.

गुरुवारी समितीची बैठक होती. मी अर्ज देऊन वेळ मागून घेतली. नवे अध्यक्ष व्यापारी आहेत, माणूस वाईट नाही. मी बोलून झाल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "बाई, पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून तुमचंच नाव आहे. माणूस गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता वरातीमागून घोडं कशाला?"

"घोडं उशिरा आलं तरी माझं आहे," मी म्हटलं. "त्याला दारात बांधायलाच पाहिजे."

"मग ते नाव आम्हाला फेरविचाराला घ्यावं लागेल."

"घ्या."

कारकुनानं ठराव लिहायला घेतला. त्यानं लिहिलं, 'संबंधित शिक्षिकेच्या नजरचुकीने'. मी त्याला थांबवलं. म्हटलं, संबंधित नको आणि नजरचूक नको, नजरेनं नीट पाहिलं होतं. नाव घाला. त्यानं अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी मान हलवली, आणि त्यानं ते खोडून नाव घातलं. मग मी कपाटाची किल्ली मागितली. "जबाबदारी कोणाची?" "माझी." तीन मिनिटांत किल्ली मिळाली. इतकं सोपं होतं ते, दादा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी एकटीनं ते कपाट उपसलं. माझ्या अक्षरातली लेबलं पाण्यानं भिजवून काढली. ज्याची खात्री नाही ते सगळं बाजूला ठेवलं, मोहोपाड्याहून तुमच्या चुलतभावाला बोलावून त्याच्या हाती दिलं, त्याला विल्हेवाट माहीत आहे. शनिवारी आठवीच्या पोरांना सांगितलं, वर्गाबाहेर टाकीपाशी चला, आधी दोन बादल्या भरा, त्या भरल्याशिवाय काही सुरू होणार नाही. मग मीठ, साखर, तुरटी, वाण्याकडून आणलेला धुण्याचा सोडा, पाटीवर चार ढीग. चव घ्यायची नाही, बाकी काहीही करा आणि मला सांगा कोण कोण आहे ते. कुणी पाण्यात टाकलं, कुणी भिंगातून बघितलं, कुणी चमच्यात तापवलं. साखर काळी पडली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, ही आता परत येत नाय!" वनिता कुंभिवलीहून आली होती, मागे उभी होती. चौथ्या ढिगावर लिंबू मी तिलाच पिळायला सांगितलं. बुडबुडे आले. सगळी पोरं वाकून बघत होती, आणि तीही.

काल रविवार. ठरावाची नक्कल घेऊन मी तुमच्या घरी गेले. वहिनी एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, एक कागद वाचून दाखवायचाय." मला वाटत होतं त्यांना सगळं ठाऊक असणार. नवराबायकोत कुठलं गुपित राहतं! मी वाचलं. दामोदर भोईर यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नव्हती. बाटल्यांवरची चुकीची लेबलं मालती म्हात्रे यांनी लावली होती. भोईर यांनी आधी सावध केले होते, ते म्हात्रे यांनी ऐकले नाही. मुलीचा हात भोईर यांच्यामुळे वाचला. त्यांच्यावरील शेरा रद्द करण्यात येत आहे.

वहिनींचा सुपातला हात थांबला होता.

"त्यांनी मला कदी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या.

मी कागदाची घडी घातली.

"मी बोलले त्यांना, बाई. दुसऱ्याच्या लेकीचा हात जाळलात म्हनून. एकदा नाय, लई वेळा. भांडान झालं की त्येच काढायची मी. ते गप जेवायचे."

तुम्ही घरातसुद्धा सांगितलं नाहीत. माझं नाव तुम्ही स्वतःच्या ताटापाशीही घेतलं नाहीत, आणि मी इकडे फळ्यावर मेणबत्त्या काढत बसले होते. मी वहिनींच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला वाकू दिलं नाही, आणि जवळही घेतलं नाही. मग त्यांनी सूप बाजूला सारलं, उठल्या, लुगडं नीट केलं आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. समोरच्या ओट्यावर आळीतली माणसं बसली होती, तेराव्याला बसली होती तीच.

"बाई, हितं भायेर या," वहिनी म्हणाल्या. "आन पयल्यापासनं वाचा. जोरात वाचा."

मी ओटीवर उभी राहिले. आवाज फुटेना, तो फोडला. आणि माझ्या नावासकट सगळं पहिल्यापासून वाचलं.